आधी पोरी, मग मी

४ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पत्र मिळालं. त्याआधी फोनही आला होता, पण त्यातलं मला काही कळलं नाही. माझे कान आता फक्त शिलाई मशीनची खडखड ऐकतात आणि तू फोनवर बोलत नाहीस, ओरडतोस. मधेच तू "बस! बस म्हणतो ना!" असं गरजलास, तर मी मुकाट्याने स्टुलावर बसले. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की ते तुझ्या कुत्र्यांसाठी होतं. म्हातारपणी आपण इतक्या आज्ञाधारक होऊ असं मला वाटलं नव्हतं. तेव्हा यापुढे पत्रच लिही.

मी जिन्यावरून पडले ही बातमी तुला खालच्या इस्त्रीवाल्याने दिली, हे मला ठाऊक आहे. त्याच्या पोटात काही राहत नाही. पण मी पडले नाही. उतरता उतरता बसले. फक्त बसायची जागा चार पायऱ्या खाली निघाली.

आता तुझं म्हणणं. "एकटी राहू नकोस ताई, सगळं आवरून माझ्याकडे ये, कायमची." वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण माझ्या पदरात आता दोन पोरी आहेत. कुठल्याशा मांजरीने दुकानातल्या चिंध्यांच्या टोपलीत पिल्लं आणून ठेवली आणि जी गेली ती परत आलीच नाही. ड्रॉपरने दूध पाजून मी त्यांना वाढवलंय. एक बारीक आणि सतत टोचणारी, तिचं नाव सुई. दुसरी गोल, जिथे सोडाल तिथून घरंगळणारी, ती गुंडी. आणि तुझ्या घरात कोण? एक तो सुभेदार, जो फोटोतसुद्धा माझ्याकडे रागाने बघतो. दुसरा तो मुनीम, उशीएवढा, पण तूच लिहितोस की सगळ्या गल्लीच्या वतीने भुंकतो.

म्हणून माझी अट ऐक. आधी पोरी येतील, मग मी. त्या तुझ्या दोन गुंडांबरोबर सुखाने नांदल्या, तर मी येण्याचा विचार करेन. नाही जमलं तर विषय संपला, पुन्हा काढायचा नाही. आणि मी आले तरी मशीन माझ्याशिवाय हलणार नाही आणि मी मशीनशिवाय. मशीन हललं की समज मी खरंच हलले.

इथल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात की तोंडओळख व्हायच्या आधी वासाची ओळख व्हायला हवी. म्हणून सोबत माझा निळा स्वेटर पाठवतेय. पोरी त्यातच झोपतात. तो कुत्र्यांच्या अंथरुणात ठेव. धुऊ नकोस! तुझं काही सांगता येत नाही.

ताई


९ फेब्रुवारी

ताई,

स्वेटर मिळाला. धुतला नाही. (बादलीपर्यंत नेला होता, पण मग पत्र पुन्हा वाचलं.)

तुझी अट वाचून मी हसलो. अगं, तू कुणाला अटी घालतेस? उभी हयात मी कुत्र्यांना शिस्त लावण्यात घालवली. माझ्या हाताखालून गेलेली कुत्री आज बँकांच्या, कारखान्यांच्या दारात ताठ उभी असतात. लग्न करायचं राहून गेलं ते याच पायी, कुत्र्यांनी कधी रजाच दिली नाही. आणि मला दोन मांजरीची पिल्लं जड जाणार? सुभेदारासमोर ताटलीत मटण ठेवून मी बाहेर फिरून येतो, तो हूं की चूं करत नाही. मुनीम थोडा तोंडाळ आहे, पण मी नुसती भुवई उचलली की गप्प.

चार दिवस पुरेत. पाचव्या दिवशी तुझ्या पोरी सुभेदाराच्या पाठीवर बसून गल्लीतून फेरी मारतील. मागची खोली रिकामी केली आहे, म्हणजे माझी बक्षिसांची खोली. ढाली आणि चषक तेवढे कपाटावर आहेत. पोरींना आल्या आल्या कळायला हवं की त्या कुणाच्या घरी आल्यात.

स्वेटर अंथरुणात टाकला. मुनीमने हुंगला, शिंकला आणि निघून गेला. सुभेदाराने मात्र बराच वेळ नाक खुपसलं, मग त्यावर डोकं ठेवून झोपला. बघितलंस? अजून आज्ञा दिलीसुद्धा नव्हती.

तू सामान बांधायला घे.

तुझा,
बारक्या


१४ फेब्रुवारी

बारक्या,

सामान बिमान काही बांधणार नाही. तुझी फुशारकी मला लहानपणापासून पाठ आहे. पोहायला येतं म्हणून उडी मारणारा तूच आणि तुला केसाला धरून बाहेर काढणारी मीच.

शेजारच्यांची गाडी तुमच्या बाजूला येतेय, तिच्यातून रविवारी पोरी येतील. टोपलीला मऊ कापड लावलंय. आता मी सांगते ते नीट कर. खोलीचं दार बंद राहील. पोरी आतच, कुत्री बाहेरच. पोरींच्या शी-शूचा मातीचा ट्रे खोलीतच ठेव, मुनीमचं तोंड पोचणार नाही असा. निदान पहिला आठवडा एकमेकांना बघायचंसुद्धा नाही, नुसते वास आणि आवाज. पोरींना चढून बसायला उंच जागा हवी, आणि दार उघडायची वेळ येईल तेव्हा दोन्ही कुत्री दोरीला हवीत. आणि मुख्य म्हणजे मांजरींना आज्ञा देऊ नकोस. तुझंच हसं होईल.

पोरी जायच्या म्हटल्यावर माझं डोकं ठिकाणावर नाही. काल एका गृहस्थाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या शिवल्या. त्यांनी घालून पाहिला, आरशासमोर उभे राहिले आणि फार सभ्यपणे विचारलं, "हा आता असाच असतो का?" मी म्हटलं, "हो." मग लाज वाटून रस्त्यापर्यंत त्यांच्यामागे धावले. धावले म्हणजे लंगडले. एवढी वर्षं या धंद्यात काढून माझी ही अक्कल.

गुंडीला पोटावर हात ठेवल्याशिवाय झोप लागत नाही. तेवढं बघ.

ताई


२१ फेब्रुवारी

ताई,

पोरी सुखरूप पोचल्या. सगळं उत्तम आहे. काळजीचं कारण नाही.

अक्षर असं का, म्हणून विचारशील. पेन नवीन आहे.

सुभेदार आणि मुनीम खोलीच्या बंद दारासमोर बसून असतात. काय ती शिस्त! पापणी हलत नाही, कान ताठ, मान पुढे. जेवायला हाक मारली तरी उठत नाहीत. माझा ऊर भरून आला. पोरी मजेत आहेत. सुई कपाटावर असते. गुंडीला झोपवताना मी पोटावर हात ठेवतो, म्हणजे एक हात ठेवतो.

चषक सध्या खाली ठेवले आहेत, पुसायला.

बारक्या


२६ फेब्रुवारी

बारक्या,

पेन नवीन असलं म्हणून अक्षर डावीकडे कोसळत नाही. शाळेत भिंतीवरून पडून उजवा हात मोडून घेतला होतास, तेव्हा दोन महिने तू डाव्या हाताने असंच लिहायचास आणि ते वाचून दाखवायला बाई मला तुझ्या वर्गात बोलवायच्या. जगात हे अक्षर ओळखणारी मी एकटी आहे आणि नेमकं तू ते मलाच पाठवलंस. उजव्या हाताला काय झालं?

आणि ती शिस्त वगैरे काही नाही. गिऱ्हाइकाने महागाचं कापड आणून दिलं की मी हातात कात्री घेऊन त्याच्याकडे तशीच बघते. पापणी हलत नाही. पण पुढच्या क्षणी कापडाचे दोन तुकडे असतात. एवढं आयुष्य कुत्र्यांत काढून तुला हे कळू नये? का कळत होतं आणि वळत नव्हतं?

मला खरं खरं लिही. नाहीतर पोरींना परत पाठव. इस्त्रीवाल्याचा भाचा येऊन घेऊन जाईल. मग माझी अटही संपली आणि तुझा त्रासही. मी इथे ठीक आहे. जिना आता मी बसूनच उतरते, म्हणजे पडायचा प्रश्नच नाही.

ताई


२ मार्च

ताई,

हरलो. ऐक.

पोरी आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी दार उघडलं. तू आठवडाभर थांब म्हणाली होतीस, पण मला वाटलं, तो नियम साध्या माणसांसाठी असणार. त्यातून आमच्या इथल्या जनावरांच्या डॉक्टर पोरींना तपासायला आल्या होत्या. मी म्हटलं, "डॉक्टर, एक गंमत दाखवतो." हे वाक्य मी आयुष्यात पुन्हा उच्चारणार नाही, कानाला खडा.

दोघांना दारात बसवलं. दोरी नाही, काही नाही. "बस!" म्हटलं, बसले. मी डॉक्टरांकडे बघून हसलो. गुंडी डुलत डुलत बाहेर आली आणि थेट मुनीमच्या नाकासमोर जाऊन उभी राहिली. मुनीम थरथरायला लागला. मी भुवई उचलली. त्याने माझ्या भुवईकडे बघितलंसुद्धा नाही. पुढचं सगळं इतक्या झटपट झालं की मला ते डॉक्टरांकडून नंतर समजून घ्यावं लागलं. मुनीम सुटला, गुंडी पलंगाखाली, सुई पडद्यावरून कपाटावर, आणि तिला गाठायला सुभेदाराने पुढचे दोन्ही पाय कपाटावर टाकले. कपाट डगमगलं. मी सुईला झेलायला हात वर केला, तर सुई त्या हातालाच नखं रोवून लोंबकळली, आणि वरून सगळे चषक माझ्या डोक्यात. त्यातला सर्वांत मोठा, टेंगूळ आलं तो, मला उत्कृष्ट आज्ञापालनाबद्दल मिळाला होता.

मी "थांब! थांब!" म्हणून ओरडत होतो. खोलीत एकट्या डॉक्टर थांबल्या. त्या दाराला टेकून इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं. मग डोळे पुसून त्यांनी माझा हात बांधला आणि म्हणाल्या, "मास्तर, आता पहिल्यापासून सुरुवात करा. दार बंद."

पोरींना लागलं नाही, देवाशपथ. पण गुंडी रात्र उलटून गेली तरी पलंगाखालून बाहेर आली नाही, खाल्लंही नाही. मी जमिनीवर पालथा पडून तिला हाका मारत होतो आणि माझं धाबं दणाणलं होतं. वाटलं, हिला काही झालं तर ताईला काय तोंड दाखवू. दुपारी तिने बाहेर येऊन माझी बांधलेली बोटं चाटली, तेव्हा जीव भांड्यात पडला.

खोटं का लिहिलं, विचारशील. कारण तू लिहिलंस, जमलं नाही तर विषय संपला. ताई, मला विषय संपवायचा नाही. घरात मी दिवसभर बोलतो ते सगळं "बस", "ऊठ", "सोड" एवढंच. परवा वाण्याच्या दुकानात त्याने विचारलं, काय देऊ, तर माझ्या तोंडून "दे" एवढंच निघालं. मला कुणीतरी उलट बोलणारं हवं आहे. मला तू यायला हवी आहेस. इस्त्रीवाल्याच्या भाच्याला पाठवू नकोस, मी दार उघडणार नाही.

तुझा,
बारक्या

(हे डाव्याच हाताने लिहिलंय. वाचून दाखवायला तू आहेसच.)


८ मार्च

बारक्या,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा इतकी हसले की समोरच्या गिऱ्हाइकाने पाणी आणून दिलं. दुसऱ्यांदा हसू आलं नाही.

भाच्याला नको म्हणून सांगितलंय. आता मीही सांगते, ऐकून गप्प बस. अट घातली तेव्हा माझी खात्री होती की हे काही जमायचं नाही. कुत्री आणि मांजरं! मला नाही म्हणायला सोपं निमित्त हवं होतं. "यायचं होतं रे, पण पोरींमुळे अडलं," असं म्हणून मोकळी झाले असते. दोन इवल्याशा पोरींच्या आड लपले, शोभतं का मला हे? पण दुसऱ्याच्या घरात जाऊन, त्याच्या वेळेने चहा प्यायचा, त्याच्या रेडिओत आपली खडखड मिसळायची, ऐकू येत नाही म्हणून सगळ्यांना ओरडायला लावायचं, या विचारानेच माझी पाचावर धारण बसते. जिन्याची नाही वाटत तेवढी भीती मला त्याची वाटते.

असो. आता डॉक्टरीणबाईंना पुन्हा विचारून आलेय. दाराच्या अलीकडे कुत्र्यांचं जेवण, पलीकडे पोरींचं. सुरुवातीला ताटल्या लांब, मग रोज थोड्या जवळ. समोर दुसरी जनावरं आहेत आणि तरी पोट भरतंय, एवढं त्यांना कळलं की पुष्कळ झालं. मग दाराला जाळी लाव. जाळीतून टक लावून बघायला लागले की शांतपणे उठवून लांब न्यायचं, नजर काढून घेतली की खाऊ द्यायचा. नंतर दोरी. आणि पोरींना निसटायला एक वाट कायम मोकळी ठेव, कुत्र्यांना तिथे जाता येता कामा नये. तू नुसतं शेजारी बसायचं. काही करायचं नाही, काही बोलायचं नाही. तुला जमेल का? मला शंका आहे.

स्वेटरचं काम झालं असेल तर तो पाठवून दे. इथे अजून गारठा आहे आणि त्याच्या खिशात माझी मोजपट्टी राहिलीय.

ताई


२३ मार्च

ताई,

काही न करणं हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत कठीण काम आहे. मी जाळीशेजारी मोढ्यावर बसतो आणि तोंडात बडीशेप ठेवतो, म्हणजे आज्ञा बाहेर पडत नाही. डॉक्टर परवा येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, कुत्री बरीच सुधारलीत, मास्तरही सुधारताहेत.

मुनीम आता जाळीपाशी आडवा होतो. गुंडी आतून पंजा घालून त्याच्या कानाशी खेळते आणि हा बहाद्दर डोळे मिटून घेतो. भुंकणं निम्म्यावर आलंय, शेजाऱ्यांनी चौकशी केली की तो आजारी आहे का. कपाटावरचे चषक मी कायमचे माळ्यावर टाकले. कपाटावर आता सुई बसते, आणि खरं सांगू, चषकांपेक्षा बरी दिसते. सर्वांत मोठा चषक तेवढा खाली आहे, त्यात मातीच्या ट्रेचं खुरपं ठेवलंय.

चिंता आहे ती सुभेदाराची. त्याला पोरींशी काही देणंघेणं उरलेलं नाही. जाळीकडे बघतही नाही. तुझा स्वेटर तोंडात धरून सगळ्या घरात फिरतो आणि संध्याकाळ झाली की तो घेऊन पुढच्या दारात जाऊन बसतो, रस्त्याकडे तोंड करून. तुला पाठवायला म्हणून मी स्वेटर ओढला, तर माझ्यावर गुरगुरला. माझ्यावर! लहान पिल्लू होता तेव्हापासून त्याने माझ्यासमोर असला आवाज काढला नव्हता. मी शेपूट घालून मागे आलो.

मला वाटतं तो रुसलाय. घरात पोरी आल्या म्हणून मला सोडून कुठेतरी जायचं त्याच्या मनात असावं. डॉक्टर म्हणतात, तब्येत ठणठणीत आहे, वाट बघा. सुभेदाराचं बिनसलं तर आपली अट पुरी झाली असं मी म्हणणार नाही. आता खोटं लिहायचं नाही, हे ठरलंय.

मोजपट्टी मात्र सुईने शोधली. तिची लांबी आता दुकानदारीच्या उपयोगाची राहिलेली नाही.

तुझा,
बारक्या


९ एप्रिल

ताई,

उत्तर का नाही? मोजपट्टीचा राग आला का? नवीन घेऊन देतो.

काल दोरी सोडली. मुनीम आणि पोरी एका खोलीत तासभर होते, मी शेजारी बडीशेप खात. कुणी कुणाला खाल्लं नाही. गुंडी त्याच्या पोटाला टेकून झोपली. तू असतीस तर.

पत्र टाक. दोन ओळी टाक.

बारक्या


१३ एप्रिल

बारक्या,

या वेळी पडले. शब्द तोच वापरते, पायाला प्लास्टर आहे तेव्हा दुसरा शोभणार नाही. मशीनवर बसता येत नाही, मशीनकडे बघत बसते. हे पत्र इस्त्रीवाला पेटीत टाकेल, म्हणजे तोपर्यंत अर्ध्या गावाला कळलेलं असेल.

पोरी रमल्या, तू शब्द पाळलास. मीच पाळू शकत नाही. विचार करेन म्हटलं होतं ते धडधाकट असताना. आता मी येणार म्हणजे मला उचलून ठेवायचं, पाणी द्यायचं, हाक मारली की धावायचं. त्यापेक्षा पोरी तुलाच राहू देत. गुंडीच्या पोटावर हात ठेवायला तिथे आता मुनीम आहे.

सुभेदाराला सांभाळ. तो रुसला असेल तर त्याला ओरडू नकोस.

ताई


१६ एप्रिल

ताई,

शनिवारी गाडी घेऊन येतोय. तुला पाय बरा होईपर्यंत आणतोय, कायमचं नाही. प्लास्टर निघालं की कुठे राहायचं ते तू ठरव, मी अवाक्षर काढणार नाही, बडीशेप भरपूर आणलीय. मशीन तिथेच राहू दे.

माझ्याशी भांडायचं असेल तर गाडीत भांड. रस्ता लांब आहे.

बारक्या


२० एप्रिल, तुझ्याच घरातून

बारक्या,

तू बाजारात गेला आहेस म्हणून हे लिहून तुझ्या कपाखाली ठेवतेय. तोंडाने सांगायला गेले तर तू "काय?" म्हणून ओरडशील, मी "काय?" म्हणून ओरडेन आणि मूळ गोष्ट बाजूला राहील.

काल गाडीतून उतरताना माझी फे फे उडाली होती, हे तुला कळू दिलं नाही. एका बाजूने काठी, एका बाजूने तू, आणि समोर दारात तो सुभेदार. फोटोत दिसतो त्याच्या दुप्पट आहे रे तो! मनात म्हटलं, झालं, आता दुसरा पायही जाणार. तू घाबरून "बस!" म्हणून ओरडलास. तो बसला नाही. सरळ माझ्यापाशी आला, माझा हात हुंगला, पदर हुंगला, मग परत जाऊन स्वेटर घेऊन आला आणि माझ्या प्लास्टरवर ठेवला. आणि त्यावर डोकं ठेवून एवढा मोठा सुस्कारा टाकला की मला तो ऐकू आला. मला, बारक्या! मशीनशिवाय काही न ऐकणाऱ्या बाईला.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या सगळं लक्षात आलं. आपण दोघं किती शहाणे ते बघ. मी स्वेटर पाठवला पोरींच्या वासासाठी. पण पोरी त्यात चार आठवडे झोपल्या आणि मी तो दहा हिवाळे अंगात घातला. त्याला वास कुणाचा असणार? पोरी आल्या तेव्हा त्याने त्यांना हुंगलं असेल आणि म्हटलं असेल, या ठीक आहेत, पण जी यायची ती या नव्हेत. म्हणून तो रस्त्याकडे तोंड करून बसत होता. तू म्हणालास रुसलाय, कुठेतरी जायचं त्याच्या मनात आहे. त्याला कुठे जायचं नव्हतं. तो दोन महिने माझी वाट बघत होता आणि मी तिकडे न यायची निमित्तं शोधत होते. एवढी लाज मला दोन डाव्या बाह्यांच्या कोटाचीही वाटली नव्हती.

आता दुसरी गंमत. ज्यांना मी ड्रॉपरने वाढवलं त्या माझ्या लाडक्या पोरींना मी हात पुढे करून हाक मारली, तर सुई माझ्यावर फिसकारली आणि कपाटावर जाऊन बसली. गुंडी पळाली ती थेट मुनीमच्या मागे! त्याच्या पाठीआडून माझ्याकडे बघत होती आणि तो उशीएवढा मुनीम तिच्या वतीने माझ्यावर भुंकत होता. कुत्र्यांपासून मांजरींना वाचवायला निघाले होते, आणि त्या कुत्र्याच्या आड लपल्या, माझ्यापासून. मी हसले आणि जरा रडलेही, ते तुला दिसलं नाही कारण तू सामान आणत होतास.

म्हणजे आता घरात नवीन जनावर मी आहे. तेव्हा सगळं रीतसर कर. दोन दिवस माझं दार बंद राहू दे. पोरींचं जेवण माझ्या दाराबाहेर ठेव, रोज थोडं जवळ. माझी एखादी जुनी साडी त्यांच्या टोपलीत टाक. स्वेटर नको, तो आता सुभेदाराचा आहे, मागायची माझी हिंमत नाही. मी टक लावून बघायला लागले तर मला शांतपणे दुसरीकडे बसव, आणि मग काहीतरी खायला दे. तू शेजारी बस, बोलू नकोस.

आणि बाजारातून आलास की टेम्पोवाल्याला सांग, इस्त्रीवाल्याकडून किल्ली घेऊन माझं मशीन आणायचंय. उभंच आणायचं, आडवं ठेवायचं नाही. खिडकीजवळची जागा मी बघून ठेवलीय, तिथला तुझा रेडिओ उचल.

ताई

ता. क. याचं उत्तर लिहून दे, ओरडू नकोस. मघाशी तू फाटकातून दूधवाल्याला काहीतरी ओरडलास, तर आम्ही तिघंही खाली बसलो. त्या दोघांना पटकन उठता येतं.